काचेखालच्या टाचा

गारपिटीनंतर दुसऱ्या दिवशी मी सोलर प्लान्टवर पोचलो, तोवर मॅनेजरांनी फुटलेले सौर पॅनल मोजून त्यांवर खडूने फुल्या मारून ठेवल्या होत्या. विम्याचा दावा करायचा होता. माझ्याकडून हवा होता तो फक्त सहीचा अहवाल.

गारा लिंबाएवढ्या होत्या. पॅनलची जी नेहमीची गारांची चाचणी असते, तिच्यात २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर वेगाने ११ ठिकाणी मारतात. त्यात पास झालेला पॅनल लिंबाएवढ्या गारेलाही पुरून उरेल, अशी समजूत असते. पण व्यास दुप्पट झाला की गारेचं वजन आठपट होतं, वर तिचा पडण्याचा वेगही वाढतो. धडकेची ताकद साधारण सोळापट होते.

तरी फुल्या मारलेले पॅनल वीज देत होते. पॅनलची टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच फुटली तरी गळून पडत नाही. तिचा चुरा खालच्या पारदर्शक थराला चिकटून राहतो आणि ऊन त्यातूनही आत जातं. तारेभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, तर या स्ट्रिंगचा, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळेचा, करंट शेजारच्यापेक्षा थोडासाच कमी. मॅनेजर खूश झाले. ‘चालतायत की! मग पैसे मिळेपर्यंत राहू द्या ना.’

त्याच ब्लॉकमधला, पॅनलची डीसी वीज एसी करणारा इन्व्हर्टर मात्र सकाळी चालूच होत नव्हता, दुपारी आपोआप सुरू व्हायचा. त्यांना वाटत होतं इन्व्हर्टरच बिघडलाय. मेगर, म्हणजे वीज कुठे गळतेय का हे तपासायचं मीटर, लावल्यावर उलगडा झाला. रात्रीचं दव भेगांतून आत झिरपत होतं, करंट फ्रेमकडे गळत होता आणि इन्व्हर्टर स्वतःला बंद ठेवून आपलं काम चोख करत होता. उन्हाने पॅनल सुकला की तक्रार गायब. अशा ओल्या फ्रेमला हात लावणाऱ्याला काय बसू शकतं, हे सांगितल्यावर ‘राहू द्या’ बंद झालं.

न फुटलेल्या पॅनलसाठी रात्री थांबलो. अंधारात स्ट्रिंगला बाहेरून करंट दिला की पॅनलमधले वीज बनवणारे सेल स्वतःच अवरक्त प्रकाश टाकतात. डोळ्यांना काही दिसत नाही, त्यासाठीच्या कॅमेऱ्यात दिसतं. धड सेल उजळ, करंटपासून तुटलेला भाग काळा. गारांच्या खुणा अपेक्षेप्रमाणे मिळाल्या, एका बिंदूतून चहूकडे फुटलेल्या भेगा.

मग वरच्या रांगेत भलतंच काही दिसलं. काच अखंड, एक चरा नाही, आणि आत काळे डाग. एक डाग, जरा पुढे दुसरा, मग तिसरा, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे, माणसाच्या पावलाच्या अंतरावर. ज्या ब्लॉकमध्ये गारेने एकही काच फुटली नव्हती, तिथेही वरच्या रांगेत तेच.

सकाळी धुलाईच्या पोरांना विचारलं. एकाने सरळ सांगितलं, ‘वर ब्रश पोचत नाही ना साहेब, मग चार पावलं टाकतो. काच तर हालतही नाही.’

त्याचं खोटं नव्हतं. काच साधारण ३.२ मिलिमीटरची असते, ती माणसाचं वजन झेलते, किंचित वाकते आणि सरळ होते. खालचा सिलिकॉनचा सेल मात्र जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाड, त्याला ते वाकणं सोसत नाही. पॅनल चौरस मीटरला पाचशे किलोचा भार सोसतो असं कागदावर असतं, पण तो भार बर्फासारखा सगळीकडे सारखा पसरलेला धरलेला असतो. टाच सगळं वजन तळहाताएवढ्या जागेत उतरवते.

भेग पडली त्या दिवशी मीटरवर काहीच कळत नाही, कारण सेलवरच्या चांदीच्या रेषा दोन्ही तुकडे जोडून ठेवतात. पुढे रोजच्या तापण्या-गार होण्याने त्या तुटतात, तुकडा करंटपासून सुटतो आणि उरलेल्या सेलवर ताण येतो. तो तापतो, आणि स्ट्रिंगचा पूर्ण करंट त्याला पेलला नाही की बायपास डायोड, म्हणजे करंटला पर्यायी वाट देणारा भाग, सेलच्या त्या पट्ट्याला वळसा घालतो आणि पॅनलचा सहसा एक तृतीयांश भाग हिशोबातून जातो.

‘मग ती पंचवीस वर्षांची गॅरंटी कसली?’ मॅनेजर वैतागले. ती हळूहळू होणाऱ्या घसरणीची, चालण्या-फिरण्याची नव्हे. आणि ती पोकळही नाही. स्वित्झर्लंडमध्ये लुगानोला १९८२ साली बसवलेले पॅनल पस्तीस वर्षांनी तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक पॅनलची ताकद मूळच्या ८० टक्क्यांहून जास्त होती. अर्थात त्या काळचे सेल आजच्यापेक्षा बरेच जाड. तेव्हापासून सिलिकॉन वाचवायला सेल पातळ होत गेले आणि पॅनल मोठे, म्हणून पाय देणं आता जास्त महागात पडतं.

‘टाचांचेही गारपिटीत धरा’ हा आग्रह झालाच. मी दोन वेगळ्या याद्या केल्या. पहिल्या यादीतले, म्हणजे फुटक्या काचेचे, वीज देत असले तरी आधी उतरवायचे. टाचांचे जागेवरच ठेवायचे, पण त्यांच्या स्ट्रिंगची नोंद वेगळी आणि काही महिन्यांनी भर उन्हात थर्मल कॅमेऱ्याने पुन्हा पाहणी. शिवाय लांब दांड्याचे ब्रश मागवा असं लिहिलं. त्यांचं बिल विम्यात बसेल का, हे मॅनेजरांनी अगदी गंभीरपणे विचारलं.