आमची वाटचाल : परसातल्या एका ट्रेपासून ओरेगॅनोपर्यंत

नमस्कार, ओरेगॅनोचं, म्हणजे पिझ्झ्यावर टाकतात त्या वासाच्या पानाचं, रोप घ्यायला येणारे बरेच जण विचारतात की तुमची शेती कुठंय, तर शेती नाहीये आमची. साताऱ्यात घरामागे जेमतेम एक गुंठ्याचं परस आहे, त्यात सासूबाईंची जास्वंद, गवती चहा, कढीपत्ता आणि भजीसाठी लावलेला पानओवा. सगळं काम त्या परसात सुरू झालं आणि अजूनही मुख्य रोपं तिथंच आहेत.

2018 च्या दिवाळीत पुण्याहून नणंद आली होती, तिने पानओव्याचं पान चुरगाळून वास घेतला आणि म्हणाली वहिनी हे ओरेगॅनोच आहे की, पिझ्झ्यावर टाकू. टाकलं आम्ही. पण वाळवल्यावर त्या जाड पानाचं काहीच उरेना. मग शोधाशोध केल्यावर कळलं की पानओवा वेगळा, ओवा वेगळा आणि ओरेगॅनो वेगळं, तिन्ही वेगळी झाडं आहेत, फक्त वासाची द्रव्यं जवळजवळची, कारव्हॅक्रॉल आणि थायमॉल, म्हणून नाक फसतं. आजही कितीतरी ठिकाणी पानओव्याची कुंडी ओरेगॅनो म्हणून विकली जाते, म्हणून हे आधी सांगतेय.

तेव्हा खरं ओरेगॅनो लावायचंच असं डोक्यात बसलं. बियाण्याचं पाकीट ऑनलाइन मागवलं, मेथी पेरतो तसं पेरलं, वरून बोटभर माती लोटली, रोज पाणी. महिना झाला तरी काही नाही. नंतर समजलं की हे बी धुळीसारखं बारीक असतं, एका ग्रॅममध्ये 10 हजारांच्या आसपास दाणे बसतात, आणि त्याला उगवायला उजेड लागतो. माती टाकली की संपलं. दुसऱ्यांदा कागदाला घडी घातली, त्या घडीत चिमूटभर बी घेतलं आणि बोटाने हलकं टिचकी मारत ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर सोडलं, वर काहीच टाकलं नाही, नुसतं हाताने दाबलं आणि फवाऱ्याने पाणी. वरून प्लास्टिक झाकलं. नवव्या दिवशी सकाळी ट्रे उन्हाकडे तिरपा धरला तेव्हा हिरवे ठिपके दिसले, मोहरीच्या अर्ध्याएवढे. मी ह्यांना झोपेतून उठवून दाखवले.

आणि मग चार दिवसांत निम्मी रोपं आडवी. उगवल्यावर प्लास्टिक लगेच काढायला हवं होतं, मी आनंदात तसंच ठेवलं, आत वाफ धरली आणि मर लागली, देठ जमिनीलगत काळा पडून रोप कोलमडतं तसं. आता आम्ही पहिला ठिपका दिसला की झाकण काढतो आणि पाणी वरून न देता ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवून खालून पिऊ देतो, माती वर ओली दिसली की लगेच बाहेर काढतो.

एक पाकीट तर भलतंच निघालं. दुसऱ्या एका विक्रेत्याकडून घेतलेलं, वर ओरेगॅनो लिहिलेलं, रोपं छान वाढली, मी खूश, आणि सासूबाई तिथून जाताना थांबल्या, एक शेंडा खुडून नाकाला लावला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर मरवा आहे." त्यांच्या माहेरी घरी गजरे व्हायचे, अबोलीत मरवा ओवायचा हे त्यांचं रोजचं काम होतं, त्यांचं नाक चुकणार नाही. आणि खरंच मरवाच होता. मरवा आणि ओरेगॅनो एकाच कुळातले, चुलत भावंडंच म्हणा, बी पण सारखंच दिसतं, त्यामुळे गल्लत होत असेल, पण त्या विक्रेत्याने फोन काही उचलला नाही. आम्ही ती रोपं फेकली नाहीत, मरवा आजही आमच्याकडे आहे आणि श्रावणात गजरेवाल्या बायका तो हक्काने घेऊन जातात.

आता मुख्य गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त सांगायचीय. बियांपासून केलेल्या ओरेगॅनोचं प्रत्येक रोप वेगळं निघतं. पहिल्या चांगल्या ट्रेमधून साठेक रोपं जगली, दिसायला सगळी एक, पण पान चावून बघितलं तर कुणी नुसतं गवत, कुणी जरासं तिखट, आणि फक्त चार रोपं अशी होती की जिभेचा शेंडा मिनिटभर चुरचुरत राहिला. ती चार आमची आई-रोपं. पुढची सगळी रोपं आम्ही त्यांच्या काड्यांपासून केली, म्हणजे चव तीच राहते. पण झाडं तीन-चार वर्षांनी खालून लाकडासारखी होतात, फुटवा कमी येतो, म्हणून दरवर्षी दसऱ्यानंतर नवं बी पेरतोच, नवीन चांगली आई-रोपं शोधायला. एवढं चावल्यावर दुपारी जेवण लागत नाही, पण हे काम मी कुणाकडे देत नाही.

2019 चा पाऊस आठवतोय ना, त्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला महापूर आला. आमच्याकडे पूर नाही, पण वाफ्यातली सगळी रोपं मुळांतून कुजली. हे भूमध्य समुद्राकडचं डोंगराळ झाड, कोरडी खडकाळ जमीन आणि भरपूर ऊन याला मानवतं, आपली काळी माती आणि चार महिने ओल हे त्याला सहनच होत नाही. वाचली ती फक्त पागोळीच्या आतल्या मातीच्या कुंड्यांमधली, आणि नशिबाने आई-रोपं तिथंच होती. त्यानंतर वाफा बंद, सगळं कुंड्यांमध्ये. माती, नदीची चाळलेली वाळू आणि कोकोपीट सारखं सारखं, गांडूळखत मूठभर, जास्त नाही, कारण खत जास्त झालं की पानं मोठी होतात आणि वास उतरतो. जून ते सप्टेंबर वर छत.

धंदा म्हणून सुरुवात पाचगणीच्या एका छोट्या कॅफेने झाली. तिथे वाळवलेली पानं नमुना म्हणून दिली, आठवड्यात त्यांचा फोन आला की अजून आहे का. तेव्हा नव्हतं! साधारण पाच किलो ओला पाला खुडला की एक किलो सुका हातात येतो आणि त्यातल्या काड्या काढल्या की अजून कमी. फुलं उमलायच्या आत, सकाळी दव वाळल्यावर कापायचं, जुड्या करून सावलीत उलट्या टांगायच्या, उन्हात अजिबात नाही, आठवडाभरात पान बोटांत कुरकुरीत मोडायला लागतं. मग चोळून चाळणीतून काढायचं आणि सुपात पाखडायचं, हे सासूबाईंनी शिकवलं, मशीनपेक्षा सूप भारी काम करतं.

एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थ विकायला लागतं ते सरकारी बेसिक रजिस्ट्रेशन केलं, वर्षाला 100 रुपये फी होती तेव्हा, लेबल लावलं, आणि तेवढ्यात 2020 चं लॉकडाऊन. कॅफे बंद. आम्हाला वाटलं संपलं, पण लोक घरीच पिझ्झा करायला लागले आणि कुंडीतलं रोप मिळेल का असे फोन सुरू झाले, ते आम्ही कधी विकलंच नव्हतं. आज निम्म्याहून जास्त उत्पन्न रोपांचं आहे. शेजारच्या दोघी मदतीला येतात, गच्चीवर दोनशे कुंड्या आहेत. आमच्या बाटलीत मीठ, मक्याचं पीठ असलं काही नसतं, पिझ्झ्याबरोबर येणाऱ्या पुडीवर घटक वाचून बघा, बहुतेक ती सीझनिंग, म्हणजे मिसळलेला मसाला असते, त्यामुळे आमचं महाग वाटतं हे मान्य आहे, पण चिमूटच लागतं.

या वर्षीचे ट्रे भरून झालेत, आज अकरावा दिवस, उगवण चांगली आहे. रोप चार इंचाचं झालं की शेंडा खुडायचा, मग बाजूने फुटतं, आणि तेव्हाच चावून बघता येतं. त्यामुळे रोपं फेब्रुवारीत मिळतील, त्याआधी कितीही आग्रह केला तरी छोटी रोपं पाठवत नाही, प्रवासात मरतात ती.