आमची वाटचाल : मागची स्प्रिंग, तुमच्या दारात

गाडीची मागची स्प्रिंग आम्ही घरी येऊन बदलून देतो. या धंद्याचं मूळ कमान-पाट्यांत आहे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांत. सोलापूर रस्त्याला लागून, हडपसरच्या पुढे आप्पांचं पत्र्याचं शेड होतं. बाहेरच्या पाटीवर एवढंच लिहिलेलं : ‘कमान-पाट्याची कामे’. ट्रक, टेम्पो, त्या काळातल्या अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी, सगळ्यांच्या मागच्या अंगाला पोलादी पाट्यांची चळत असायची. ऊस वाहणाऱ्या गाडीचा मेन पाटा मोडला की रातोरात बदलून द्यायचा, बसलेल्या पाट्यांना घणाखाली पुन्हा वाक आणायचा, यू बोल्ट आणि बुश नवे टाकायचे. हात कायम काळे आणि उधारीची वही कायम भरलेली.

मारुतीच्या मागून आलेल्या छोट्या गाड्यांनी हळूहळू पाटे सोडले आणि गुंडाळीची स्प्रिंग घेतली. ओम्नीसारख्या काहींनी पाटे टिकवले, पण घरगुती गाड्यांचं काम आमच्या शेडमधून आटत गेलं. मी औंधच्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिक होऊन बाहेर पडलो तेव्हा आप्पा म्हणाले, “ट्रकची कामं मी बघतो, तू त्या बारक्या गाड्यांचं काय ते बघ.” मधली काही वर्षं मी सगळंच केलं. क्लच केले, ब्रेक केले, एसीसुद्धा. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पुण्यात सगळं करणारी गॅरेजं गल्लोगल्ली आहेत, त्यातलं आमचं एक.

२०२१ मध्ये पेट्रोलनं शंभरी ओलांडली आणि सीएनजी किटला रांगा लागल्या. किट बसवून चार-सहा महिने झालेल्या गाड्या आमच्याकडे एकाच तक्रारीनं यायला लागल्या : “गाडी मागून बसलीये.” गतिरोधकावर खालून घासते, मागं दोघं बसले की टायर आत लागतो, रात्री समोरचे गाडीवाले डिपर मारतात. या शेवटच्या तक्रारीचं अनेकांना कोडं वाटायचं. मागची बाजू खाली गेली की पुढचे दिवे वर उचलले जातात, एवढंच ते.

हिशेब साधा आहे. ६० लिटरची पोलादी टाकी रिकामीच साधारण ६० किलोची असते, वर आठ-दहा किलो गॅस. म्हणजे डिकीत एक माणूस कायमचा बसवून ठेवल्यासारखं झालं, आणि तो उतरत नाही. कंपनीतूनच सीएनजी लावून येणाऱ्या गाडीचं सस्पेन्शन त्या वजनाचा विचार करून जुळवलेलं असतं. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत मात्र पेट्रोल गाडीचीच स्प्रिंग राहते. पाच-सात वर्षं जुनी असेल तर ती आधीच थोडी दबलेली.

यावर बाजारात स्वस्त इलाज आहे, स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर. दहा मिनिटांत बसतात, गाडी लगेच वर दिसते, आणि विकणाऱ्याला सुटतंही बऱ्यापैकी. आम्ही ते विकत नाही. बफर ज्या वेढ्यांत बसतो ते वेढे काम करायचं थांबतात, सगळा ताण उरलेल्यांवर येतो, आणि खड्ड्यातला दणका थेट पाठीला जाणवतो. गावाहून येताना गाडी बसली म्हणून तेवढ्यापुरता लावला तर माझं काही म्हणणं नाही. पण टाकी कायमची असेल तर तिच्या वजनाला जुळणारी स्प्रिंगच हवी. या हट्टापायी आमची बरीच गिऱ्हाइकं गेली, अजूनही जातात.

मग योग्य स्प्रिंग आणायची कुठून? आधी विचार होता की भोसरीच्या एखाद्या कारखान्यातून आपल्या मापाच्या करून घ्याव्यात. तार थोडी जाड, बाकी सगळं तेच. तिथल्या एका साहेबांनी कागदावर गणित मांडून दाखवलं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ मिलिमीटरच्या जागी १३ ची तार घेतली, तर बाकी काही न बदलता स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. टाकी आणि पाच माणसं असताना बरं वाटेल, पण एकटा चालवताना मागची चाकं उड्या मारतील आणि मूळचा शॉकअप (स्प्रिंगची उसळी आवरणारा दट्ट्या) तिला आवरू शकणार नाही. शिवाय ते म्हणाले, कमीत कमी काही शे नग घ्यावे लागतील. आमची तेवढी ऐपतही नव्हती. त्याऐवजी त्याच मॉडेलच्या सीएनजी आवृत्तीची कंपनीची मागची स्प्रिंग मागवायची, असं ठरवलं. बैठक (स्प्रिंग टेकायची जागा) तीच, उंची जुळते, खात्री असते. नाना पेठेतल्या दुकानदारांना आमच्या याद्या आता पाठ आहेत. घेताना आम्ही स्प्रिंगवरचे रंगाचे ठिपके बघतो, कारण एकाच गाडीच्या वेगवेगळ्या कडकपणाच्या दोन स्प्रिंगा हातात घेतल्यावर सारख्याच दिसतात. आणि नेहमी जोडीनं बदलतो. एकच बदलली की गाडी एका बाजूला कलते.

घरी जाऊन काम करायचं सुचवलं ते आमच्या सौभाग्यवतींनी. फोन त्याच घेतात. नोकरदार माणसाला आठवड्यात गाडी सोडायला वेळ नसतो आणि रविवारी शेडजवळ उभं राहायला जागा नसते, हे त्यांच्या लक्षात आलं. मी म्हटलं, गाडी उचलायची लिफ्ट नाही, खालून काम करायचा पिट नाही, कसं जमायचं? पण बहुतेक छोट्या गाड्यांत मागची स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात. तिथे स्प्रिंग दाबायचं यंत्र लागतच नाही. मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या अ‍ॅक्सलला जॅकचा आधार द्यायचा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढायचे आणि अ‍ॅक्सल सावकाश खाली सोडायचा. ताण संपला की स्प्रिंग हातानं निघते.

सोपं वाटतं, पण जपायच्या जागा आहेत. मागची बाजू उचलली की हँडब्रेक बिनकामाचा, कारण तो मागच्याच चाकांना लागतो. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, गाडी पहिल्या गिअरमध्ये, आणि नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करून घ्यायचे. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. दोन्ही बाजूंना घोड्या (गाडीला खालून टेकू देणारे पोलादी स्टँड) लावल्याशिवाय आमचा पोरगा चाक काढत नाही. अ‍ॅक्सल सोडताना एकानं फक्त ब्रेकचा रबरी पाइप आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) वायर यांच्यावर नजर ठेवायची, त्या ताणल्या जाता कामा नयेत. नवी स्प्रिंग बसवताना तारेचं टोक बैठकीच्या खाचेत बरोबर टेकलं पाहिजे. वरची रबरी गादी चिरलेली असेल तर तीही बदलायची, नाहीतर आठवड्याभरात “कटकट आवाज येतो” म्हणून फोन येणार.

बहुतेकजण जिथे घाई करतात ती गोष्ट शेवटची. शॉकअपचे बोल्ट चाक हवेत असताना पक्के आवळायचे नाहीत. नुसते लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, डिकीवर दोन-चारदा जोर देऊन हलवायची आणि मग टॉर्क पान्यानं, म्हणजे ठरावीक जोर दाखवणाऱ्या पान्यानं, आवळायचे. हवेत आवळलं तर बोल्टभोवतीचा रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो.

सोसायट्यांचा अनुभव हा वेगळाच विषय. “पार्किंगमध्ये गॅरेज उघडायचं नाही” हे वाक्य आम्ही वाकडपासून कात्रजपर्यंत ऐकलंय. आता सेक्रेटरींची परवानगी गाडीमालकानंच आधी काढून ठेवायची, असा नियम आहे. फरशीला डाग नको म्हणून आम्ही जुने फ्लेक्स अंथरतो. पुण्यात वाढदिवसाच्या फ्लेक्सना तोटा नाही, आणि इतकं जाड, फुकट अंथरूण दुसरं मिळायचं नाही.

काहींना काम स्वतःच करायचं असतं, विशेषतः निवृत्त इंजिनिअर मंडळींना. सुरुवातीला मला ते धंद्यावर पाय दिल्यासारखं वाटायचं. आता आम्ही त्यांना स्प्रिंगची जोडी विकतो आणि दोन घोड्या व टॉर्क पाना अनामत घेऊन देतो. घोड्या घेतल्या नाहीत तर स्प्रिंगही नाही, मग ओळख कितीही जुनी असो. पुढची स्प्रिंग मात्र आम्ही कोणाच्याही दारात काढत नाही आणि कोणाला काढायला सांगतही नाही. पुढे ती शॉकअपवरच दाबून बसवलेली असते आणि वरचा नट तिला धरून ठेवतो. दाबायचं यंत्र घसरलं तर माणूस जायबंदी होतो. ते काम शेडमध्येच.

आमचा हंगाम गणपतीच्या आधी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची माणसं गाडी गच्च भरून ताम्हिणी, वरंध किंवा कुंभार्ली उतरणार, त्याआधी मागची बाजू बघून घेतात. किनाऱ्यालगत वर्षानुवर्षं राहिलेल्या गाड्यांत वेगळंच दिसतं. स्प्रिंग दबलेली नसते, तुटलेली असते, आणि बहुधा अगदी खालच्या वेढ्यात. तिथे माती आणि पाणी साचतं, वरचा रंग उडतो, खारी हवा उरलेलं काम करते. तुकडा बैठकीतच अडकून राहिल्यानं मालकाला पत्ताही नसतो.

प्रत्येक ‘बसलेल्या’ गाडीला स्प्रिंग लागतेच असं नाही. आधी आम्ही चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजतो. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा कमी-जास्त असली की माप फसतं. माप बरोबर असेल आणि गाडी नुसतीच डोलत असेल, तर दोष शॉकअपचा. तसं सांगून फक्त तपासणीचे पैसे घेऊन परत येतो. आप्पांना हे पटत नाही. त्यांच्या मते एवढ्या लांब गेल्यावर निदान शॉकअप तरी विकून यायचं.

काम झाल्यावर दिव्यांचा झोत पुन्हा जुळवून देतो. काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब उंचीनुसार बदलणारा व्हॉल्व्ह अ‍ॅक्सलला जोडलेला असतो, तो असेल तर तोही जुळवतो. पंधरवड्यानं पुन्हा मोजायला येतो, कारण नवी स्प्रिंग थोडी स्थिरावते. त्या फेरीचे पैसे घेत नाही. टाकीवरची हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबानं टाकी तपासण्याची) तारीख मात्र त्या वेळी वाचून दाखवतो. दर तीन वर्षांनी ती करावी लागते, आणि आठवण करून दिल्याशिवाय क्वचितच कोणी करतं.

सध्या शेडमध्ये आप्पांचे ट्रकचे पाटे आणि आमची व्हॅन, दोन्ही चालू आहे. भाचा या वर्षापासून दुसरी व्हॅन घेऊन पिंपरी-चिंचवड बघतो. शनिवार-रविवार आधी भरतात, तेव्हा जमल्यास आठवड्यातला दिवस घ्या. फोन करताना गाडीचं मॉडेल, वर्ष, टाकी किती लिटरची आणि पार्किंगची जमीन सपाट आहे की उतार, एवढं सांगा. उतार असेल तर शेडवरच यावं लागेल.