तुम्ही विचारलंत म्हणून: घरात ठेवायची साधी टॉर्च

"लाइट गेली तर हाताशी असावी अशी एखादी साधी टॉर्च सांगा. आम्हाला त्यातलं काही कळत नाही." पावसाळा जवळ आला की हा प्रश्न येतोच. उत्तर द्यायला लागलं की दुसऱ्याच वाक्याला अडवलं जातं, "ते राहू द्या, नुसतं नाव सांगा." नावावर भागत असतं तर केव्हाच सांगून मोकळा झालो असतो. एकच टॉर्च एका घरात पाच वर्षांनीही लागते आणि दुसऱ्या घरात वर्षभरात सेल गळून सडलेली निघते.

ही टॉर्च जवळजवळ सगळं वर्ष पडून राहणार आहे. म्हणून आधी सेल बघा, मग बटण, उजेड सगळ्यात शेवटी. दुकानात नेमकं उलटं होतं. खोक्यावरचा लुमेनचा, म्हणजे उजेड मोजायच्या मापाचा, आकडा बघूनच खरेदी होते.

तासाभराच्या लोडशेडिंगला काहीही चालतं. मी निसर्ग चक्रीवादळ डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. ३ जून २०२० ला दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग भागात विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. मोबाइलचं नेटवर्क गेलं, फोन चार्ज करायची सोय गेली. "मोबाइलला टॉर्च आहे की" म्हणणाऱ्यांनी हे आठवून बघावं. अशा वेळी फोनचं चार्जिंग निरोप धाडायला राखायचं असतं, संडासाची वाट उजळायला नाही. चार्जिंगच्या टॉर्चचं काय होतं? भिंतीच्या सॉकेटात खोचायची जी स्वस्त टॉर्च असते, तिच्यात बऱ्याचदा लेड-ॲसिड बॅटरी असते. ती आपोआप उतरत जाते, आणि उतरलेल्या अवस्थेत महिनोन् महिने राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो. मग चार्ज केली तरी ती दहा-पंधरा मिनिटांत मंदावते. चांगली राहिली असली, तरी पहिल्या एक-दोन रात्रींनंतर तिला प्लग हवाच.

आता दोन पेन्सिल सेलची टॉर्च घ्या, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाला लागतात ते डबल-ए. मंद उजेडात सांभाळून वापरलं तर अल्कलाइनच्या दोन सेलांतून साधारण सहा वॉट-तास ऊर्जा मिळते, म्हणजे एक वॉटचा दिवा सहा तास चालेल एवढी. वीस लुमेनला, सर्किटमधली घट धरून, पाव वॉट पुरतो. म्हणजे एका जोडीवर हिशेबाने चोवीस तास, हात राखून वीस-बावीस धरा. रोज चार तास धरले तर पाच रात्री. आठ सेलांत वीस रात्री निघतात. तीच टॉर्च दोनशे लुमेनवर ठेवलीत तर दीड-दोन तासांत आटोपते. म्हणून मंद उजेडाची सोय असलीच पाहिजे. वीस लुमेन थोडे नाहीत, जुन्या दोन सेलच्या बल्बवाल्या टॉर्चचा उजेड एवढाच असायचा. टॉर्च शेपटीवर उभी करून उजेड छताकडे सोडला की खोलीभर वावरता येतं, जेवणंही होतात.

खोक्यावर 'तीस तास' लिहिलेलं असतं ते नीट समजून घ्या. प्रचलित मोजणीत उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ धरतात, म्हणजे तीसही तास पूर्ण उजेड मिळेल असं नाही.

तीन बारीक (ट्रिपल-ए) सेल प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात बसवायची टॉर्च घेऊ नका. पिंजऱ्याचे संपर्क सैल होतात, एक सेल उलटा बसला की सगळं बंद, आणि बारीक सेलात डबल-एच्या निम्म्याहून कमी ऊर्जा असते. बटण एकच हवं: दाबलं की लागलं. एसओएस (मदतीची खूण म्हणून उजेड उघडझाप करणं), लुकलुक असले प्रकार नकोत, अंधारात आजींना त्यातून साधा उजेड सापडत नाही. अंग खरबरीत आणि कडेला सपाट असावं, नाहीतर टॉर्च घरंगळून पलंगाखाली जाते. पाणी किती सोसेल तेही खोक्यावर असतं: आयपीएक्स-४ म्हणजे शिंतोडे सोसेल, आयपीएक्स-७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास. घरात पहिलं पुरे, पुराच्या काठावर दुसरं घ्या.

रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला शेतात जाणाऱ्यांना हे उत्तर लागू नाही. बांधावर साप दिसायला लांब झोत लागतो, आणि ती टॉर्च रोज वापरात असल्यामुळे चार्जिंगचीच बरी.

सेल गळण्याबद्दल. स्वस्त झिंक-कार्बन सेलचा जस्ताचा डबाच वापरात झिजतो, भोकं पडतात आणि आतला द्राव बाहेर येतो. अल्कलाइनही गळतात, त्यांची पांढरी पूड व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या रसाच्या बोळ्याने पुसून निघते. जुना-नवा सेल एकत्र कधीच घालू नका. कमजोर सेल आधी रिकामा होतो, दुसरा त्याला उलटा रेटतो आणि तो गळतो. मे महिन्यात टॉर्चमध्ये नवी जोडी घाला आणि काढलेले सेल घड्याळात वापरून संपवा.

राहिला तो वाद माझा माझ्याशीच आहे. सेल टॉर्चच्या बाहेर, पण टॉर्चबरोबर एकाच पिशवीत ठेवावेत असं मी पूर्वी ठासून सांगायचो: गळाले तरी टॉर्च वाचते. आजही ते मला पटतं. पण सत्तरीच्या माणसाने मिट्ट काळोखात अधिक-उणे चाचपायचं, हेही पटत नाही. सेल आत ठेवून मध्ये कागदाची पट्टी घालता येते, त्याने बटण चुकून दाबलं गेलं तरी सेल उतरत नाहीत, पण गळायचे ते गळतातच. लिथियमचे डबल-ए सेल सहसा गळत नाहीत आणि वर्षानुवर्षं टिकतात, पण ते महाग, आणि गावातल्या दुकानात मिळतील असं नाही. सध्या मी म्हणतो, आईवडिलांच्या उशाशी सेल घातलेली टॉर्च आणि दाराजवळच्या खिळ्याला, सेल बाहेर ठेवून, दुसरी. दोन घ्यायच्या नसतील तर मे महिन्यातली अदलाबदल कोण करणार ते आधी घरात ठरवा, आणि मग मला नाव विचारा.