सुई टोचली आणि कुणीच ओरडलं नाही

मी नर्स, आता इंग्लंडमध्ये काम करते. परवा नाइटला पहाटे चारच्या सुमारास एका आजोबांचं रक्त घेत होते. सुई काढली, तिच्यावरचं कव्हर सरकवणार एवढ्यात त्यांनी हात झटकला आणि तीच सुई माझ्या तर्जनीत घुसली. ग्लोव्हच्या आत लाल ठिपका पसरताना दिसला. पहिला विचार आजाराचा नव्हता. "आता इन्चार्जला काय सांगू?" हाच होता.

इन्चार्जने हातातला ट्रे काढून घेतला आणि मला बेसिनपाशी नेलं. वाहत्या पाण्याखाली बोट, साबण. चोखायचं नाही, घासायचं नाही. मग फोनवर प्रश्न: सुई पोकळ होती की टाक्यांची? शिरेतून काढलेली? रक्त दिसत होतं? किती खोल गेली? पोकळ सुईत रक्त साठून राहतं, म्हणून ती जास्त धोक्याची.

आजोबांच्या रक्ताच्या तपासणीची परवानगी मागायला मात्र मला जाऊ दिलं नाही. इथे ते दुसऱ्या कुणीतरी करायचं असतं. तीन दिवस माझ्या डोक्यात हेच घोळतंय. जिला टोचली तीच समोर उभी राहिली, तर रुग्ण नाही कसं म्हणेल? आणि मला तरी त्याच्या तोंडाकडे बघवेल का? तिकडे, भारतात, अशा वेळी मी जीव मुठीत धरून गुपचूप केसपेपर चाळायचे.

रुग्णाला तो आजार असेल तर सुईतून आपल्याला होण्याचा, इथे शिकवतात तो ढोबळ हिशोब असा: लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी 3 पैकी 1, सी 30 पैकी 1, एचआयव्ही 300 पैकी 1. सी वर लस नाही, पण आता गोळ्यांनी तो बरा होतो. एचआयव्हीची शंका असेल तर औषध 72 तासांच्या आत, खरं तर काही तासांतच, सुरू करायचं आणि 28 दिवस घ्यायचं. मला ते लागलं नाही, आजोबांचे रिपोर्ट निगेटिव्ह आले.

आपल्याकडे "स्पिरिट लाव आणि कामाला लाग" एवढ्यावर भागायचं. दोन्ही हातांनी सुईला टोपण लावणं मीही वर्षानुवर्षं केलंय. पण त्याला निष्काळजीपणा म्हणू नका. रात्री चाळीस पेशंट, मी एकटी, वापरलेल्या सुया टाकायचा डबा वॉर्डच्या पार दुसऱ्या टोकाला. उघडी सुई घेऊन कॉटांमधून जायचं कसं? इथे पिवळा डबा ट्रॉलीवरच असतो. इथल्या 2013 च्या नियमांनुसार अगदीच गरज असल्याशिवाय टोपण परत लावायचं नाही. हे पाळणं सोपं आहे, कारण डबा हाताशी आहे. आणि इथल्या तिघांना न सापडलेली शीर मला पहिल्यांदाच सापडते, ते हात तिथेच तयार झालेत.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. तिकडे आमच्या वॉर्डातल्या मावशींना कचऱ्याच्या पिशवीतून सुई टोचली होती. कुणाची, कोणत्या पेशंटची, काहीच कळलं नाही. त्यांना लस दिलेली नव्हती. नोंद त्यांनी केली नाही आणि मीही केली नाही. ती सुई माझ्या हातची असू शकते.

काल जुन्या मैत्रिणीला फोन केला. आम्ही दोघींनी हिपॅटायटिस बी चे तिन्ही डोस एकत्रच घेतले होते. लसीचं संरक्षण रक्तात किती तयार झालंय ते टायटरवरून कळतं. म्हटलं, "माझा टायटर चांगला आलाय. तुझा किती?"

"तो कधी बघितलाच नाही गं."

"उद्याच बघ. आणि मावशींनाही घेऊन जा."