दीड हजाराची चिलापी

कोल्हापुरात रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभं राहायचं सोडून जो गळ घेऊन तळ्यावर जातो, त्याला घरात फारशी किंमत नसते. मी त्यातला. कुठलं तळं ते सांगणार नाही. गळवाला एकवेळ पगार सांगेल, जागा नाही.

त्या दिवशी कणकेची गोळी लावून बसलो होतो. पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी दोनदा थरथरली आणि गपकन आडवी होऊन बुडाली. चांगला किलोभर रोहू! तो पिशवीत जातोय तोवर टायरच्या इनरवर बसून जाळं काढणारा एक दादा काठाला लागला.

"सायेब, त्यो आमचा हाय."

"नाव लिहिलंय काय त्याच्यावर?"

भांडायच्या ऐवजी माणूस शेजारी टेकला आणि हिशेबच मांडला. रोहू, कटला, मृगळ साठलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणजे तळ्यातला प्रत्येक रोहू विकत आणून सोडलेला. मच्छीमार संस्थेनं तळ्याच्या ठेक्याचे पैसे आधी भरायचे, मग बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणायची. त्यातली निम्मी मरळ मासा आणि पाणकावळे खाणार. उरलेला मासा जाळ्यात आला की उन्हाच्या आत दलालाकडे, कारण बर्फ परवडत नाही आणि शिळ्या मालाला तो म्हणेल तोच भाव.

"तुमी एकटं असता तर च्या पाजला असता. रविवारी चाळीस गळ असत्यात हितं."

मी म्हटलं, तुमची बारीक आसाची (छिद्रांची) जाळी बोटभर पिल्लंही उचलतात, त्याचं काय? तो पाण्याकडं बघत म्हणाला, "ती दुसऱ्या पार्टीची." (दुसरी पार्टी मला अजून भेटलेली नाही.)

परत येताना मीही हिशेब घातला. काठी, रीळ, पेट्रोल, वाटेतली मिसळ. वर्षभरात धरलेल्या माशांनी भागलं तर किलोला दीड हजार रुपये. एवढ्यात पापलेट आलं असतं की! तो पोटासाठी मासा स्वस्तात विकतो आणि मी हौसेपायी तोच महागात घेतो. वर दोघंही म्हणतो, मासे कमी झाले. उन्हाळ्यात पंचगंगेत मेलेल्या माशांचा खच तरंगतो, तेव्हा मात्र 'हा आमचा' म्हणायला कोणी पुढं येत नाही.

आता दादाचं आणि माझं ठरलंय. रोहू-कटला लागला तर गळ हलक्या हातानं काढून परत पाण्यात. चिलापी (तिलापिया मासा) माझी. १९५२ साली भारतात आणलेली ही बाई साठलेल्या पाण्यातही बिनबोभाट विते आणि बोटुकलीचं खाणं फस्त करते. दादा म्हणतो, पोती भरून न्या.

गेल्या रविवारी दोन किलोचा कटला सोडून तळहाताएवढ्या सहा चिलाप्या घरी आणल्या. सौभाग्यवतींनी पिशवीत डोकावून विचारलं, "मोठा सोडून आलात? मग गेला होतात कशाला?"

मी खवलं काढायला बसलो.