गुलाम कुणाकडे?

पत्त्यांचे बहुतेक डाव कुणीतरी जिंकावं म्हणून खेळले जातात. गुलामचोर त्यातला नाही. इथे एकेक जण पानं संपवून मोकळा होतो, पहिल्यांदा सुटलेल्याला कुणी शाबासकीही देत नाही. सगळ्यांचं लक्ष शेवटी अडकतो कोण याकडे. झब्बूचंही तसंच आहे म्हणा, पण झब्बूत कोणाकडचं किलवर संपलंय, इस्पिकची किती पानं उतरलीत, असा हिशेब तरी ठेवावा लागतो. गुलामचोराला तेवढीही अक्कल लागत नाही, असा समज. म्हणून लग्नघरात आदल्या दुपारी मोठी माणसं रमीला बसतात आणि पोरांच्या हातात जुना कॅट देऊन त्यांना कोपऱ्यात पिटाळतात. कोपऱ्यातला डाव जास्त रंगतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

खेळायला सोपा. बावन्न पानांतला एक गुलाम बाजूला काढायचा. उरली ५१. ती पिसून सगळीच्या सगळी वाटायची. पाच जण असले तर चौघांना दहा आणि एकाला अकरा येतात, आणि त्यावरून कुणी भांडत नाही. मग ज्याने त्याने हातातल्या जोड्या काढून मध्ये टाकायच्या, पंजीवर पंजी, राणीवर राणी. तीन अठ्ठ्या आल्या तर दोन टाकायच्या, एक ठेवायची. राहिलेल्या पानांचा पंखा करून शेजाऱ्यापुढे धरायचा. त्याने न बघता एक पान ओढायचं. जोडी जमली तर टाकायची, नाही तर पान हातात खोचायचं आणि आपला पंखा पुढच्यासमोर धरायचा. पंचवीस जोड्या पडल्या की एकटा गुलाम उरतो. तो ज्याच्याकडे, तो चोर.

काही घरांत तीन गुलाम काढून एकच ठेवतात. काही ठिकाणी रंगही जुळावा लागतो, लालावर लाल, काळ्यावर काळं. मग किलवरचा गुलाम काढला की इस्पिकचा गुलाम चोर, हे वाटप व्हायच्या आधीच ठरलेलं. मला साधा प्रकार आवडतो. त्यात तीन गुलाम फिरत असतात, आणि आपल्या हातात आलेल्याची जोडी जमणार की तो चोर निघणार, याचा पत्ता बराच वेळ लागत नाही.

खरी गंमत दोन गुलाम पडून गेल्यावर सुरू होते. उरलेला गुलाम या हातातून त्या हातात गेला की ते दोघांनाच कळतं, ज्याने ओढला त्याला आणि ज्याचा गेला त्याला. बाकीची मंडळी दोघांच्या तोंडाकडे बघत बसतात. गुलाम आल्यावर चेहरा सरळ ठेवणं सरावाने जमतं. गेल्यावर ते भल्याभल्यांना जमत नाही. खांदे सैल पडतात, माणूस एकदम बोलका होतो, उगीच पाणी मागतो.

माझी एक आत्या यात तरबेज आहे. तिच्याकडे गुलाम असला की एक पान ती बाकीच्यांपेक्षा नखभर वर काढून धरते. शेजारी बसलेला सात-आठ वर्षांचा भाचा तेच ओढतो: गुलाम. पुढच्या डावात तो शहाणा होऊन वरचं पान सोडतो आणि काठाचं ओढतो. गुलाम काठाला. त्याच्या पुढच्या डावात तो एकेका पानावर बोट टेकवून तिच्या डोळ्यांत बघत राहतो, आणि आत्या नेमकी तेव्हाच स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारते, ‘अगं, नारळ सोलून झाले का?’

पान ओढल्यावर हात पाठीमागे नेऊन पानं खालीवर करायची की नाही, यावर घरोघरी मतभेद आहेत. काही जण त्याला रडीचा डाव म्हणतात. मी चालू देणाऱ्यांतला. नाही तर ओढलेलं पान कुठे खोचलं ते पुढच्याला आयतंच दिसतं.

शेवटी दोघं उरतात तेव्हा गुलामवाल्याकडे दोन पानं असतात आणि समोरच्याकडे एक. ओढायची पाळी गुलामवाल्याची असेल तर खेळ खलास: समोरचं एकुलतं पान त्याच्याकडे येतं, जोडी पडते, गुलाम गळ्यात. पाळी समोरच्याची असेल तर निम्मी-निम्मी शक्यता. त्याच्या हाती गुलाम लागला तर भूमिका बदलतात आणि पुन्हा तेच. हे कितीही वेळ चालू शकतं. तोवर रमीवालेही आपला डाव टाकून बघायला आलेले असतात.

हा खेळ जगभर आहे. इंग्लंडमध्ये गुलामाऐवजी एक राणी काढतात, आणि शेवटी उरलेली राणी म्हणजे लग्न न झालेली म्हातारी. जर्मनीत तो काळा पीटर. हरणाऱ्याच्या तोंडाला काजळी फासायची तिथली रीत. जपानमध्ये जोकर घालून खेळतात आणि त्याला आजी म्हणतात. म्हातारी गळ्यात पडली म्हणजे हरलो, ही कल्पना काही मला रुचत नाही. त्यापेक्षा आपला चोर बरा. जपान्यांचा दुसरा प्रकार मात्र झकास आहे, आजोबांचा. त्यात कुठलंही एक पान न बघता बाजूला काढतात, त्यामुळे आजोबा कोण हे शेवटपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं.

आपल्याकडे हा प्रकार आपोआप होतो, कारण घरातला जुना कॅट कधी पुरा नसतोच. चौकटची सत्ती नाहीशी झालेली असते. अशा कॅटवर रमी होत नाही, मेंढीकोट तर नाहीच. गुलामचोराला तो चालतो. गुलाम काढायचीसुद्धा गरज नाही, जोडीविना राहिलेली सत्ती चोर. सत्तीबरोबर एखादी दश्शीही हरवली असेल तर दोन चोर, आणि तो डाव जरूर खेळून बघावा. कधी कधी शेवटी एकाकडे सत्ती आणि दुसऱ्याकडे दश्शी उरते, जुळायला काही नाही. ज्याची पाळी असेल त्याने समोरच्याचं एकुलतं पान ओढायचं. समोरचा सुटला, आणि याच्या हातात दोन्ही चोर. अशाने पुढचे दोन डाव पिसायचे, असं आमच्याकडे ठरलंय. चोर एकच असेल तर एक.