गाण्यापुरता मुक्काम

गोव्यात रात्रीचं गाणं ऐकायचं असेल तर आधी झोपायची सोय बघावी लागते. गाणारा रंगात येतो साडेनऊच्या सुमारास, आणि तोवर पणजीच्या स्टँडवरून आमच्या बाजूची शेवटची गाडी कधीच सुटलेली असते. स्वतःची चारचाकी असलेल्यांना हे कळायचं नाही. साखळीहून बसने येणाऱ्याला मात्र बडा खयाल भरात आला की घड्याळ दिसायला लागतं, आणि घड्याळ बघत ऐकलेल्या गाण्यात काही राम नसतो. म्हणून नोव्हेंबरात थोर गायिका सुरश्री केसरबाई केरकर यांच्या नावाच्या स्मृती संगीत समारोहाची तारीख पेपरात आली की मी आधी मावशीला फोन लावते. मावशी पणजीतच सांतिनेजला राहते. तिथून समारोह होतो ती कांपालची कला अकादमी रमतगमत गेलं तरी जवळ. "ये गो, पण येताना तांबडी भाजी घेऊन ये. इथे सगळं बेळगावचं," एवढंच ती म्हणते. कोण गाणार आहे, हे ती विचारतसुद्धा नाही.

तर शनिवारी दुपारी पिशवीत भाजीच्या जुड्या, एक बरीशी साडी आणि शाल घेऊन मी बसमध्ये. शाल थंडीसाठी नव्हे, सभागृहातल्या एसीसाठी. आमच्याकडे नोव्हेंबरात बाहेर घाम आणि आत हुडहुडी. कंडक्टर "फुडें सरात, फुडें सरात" करत माणसं कोंबत होता आणि ड्रायव्हरने लावलेली गाणी अशी की दोन तासांनी आपण काय ऐकायला बसणार आहोत याचा विसर पडावा. आमोण्याचा पूल, माशेल, मग बाणस्तारी. बाणस्तारीला एक रस्ता फोंड्याकडे जातो. बस पणजीच्या रस्त्याला लागते आणि मला दर वेळी वाटतं, आपण उलटीकडे चाललोय.

कारण गाणं खरं तर त्या फोंड्याच्या रस्त्यावरचं. थोडं पुढे गेलं की मंगेशी. दीनानाथ मंगेशकर तिथले, जितेंद्र अभिषेकी तिथले. फोंड्यापाशी केरी, तिथे १८९२ साली केसरबाई जन्मल्या. देवळांभोवती वसलेली ही गावं. पालखी, कीर्तन, भजन, जत्रेतलं नाटक हे सगळं कानावर पडतच मूल मोठं व्हायचं. देवळाशी बांधलेल्या कलावंत घरांतल्या बायकांच्या गळ्यात पिढ्यानपिढ्या गाणं होतं. मान तेवढा नव्हता, तो मिळवायला गाव सोडावं लागलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या कुर्डीची तर आणखी तऱ्हा. सांगे तालुक्यातलं ते गाव साळावलीच्या धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचे आणि घरांचे अवशेष वर येतात आणि पांगलेली माणसं तेवढ्यापुरती गावाला येऊन जातात.

केसरबाईंची शिकण्याची पायपीट वाचली की आपल्या बसच्या कुरकुरीची लाज वाटते. आठव्या वर्षी कोल्हापूर, तिथे काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे. परत गोव्यात आल्या ते रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिकायला. बुवा लामगावला येत तेव्हा तिथे जायचं. लामगाव डिचोलीला लागून, म्हणजे आम्हा साखळीकरांच्या शेजारचंच. त्यामुळे केसरबाईंवर थोडा हक्क आमचाही आहे असं मी मानते. केरीहून लामगाव म्हणजे वाटेत मांडवी, आणि तेव्हा पूल नाही. सोळाव्या वर्षी मुंबई. तिथे बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले अशी अर्धीमुर्धी तालीम होत होत शेवटी १९२१ साली जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब भेटले आणि मग दुसरीकडे बघायची गरज उरली नाही. या सगळ्या प्रवासात पणजी कुठेच नाही. राजधानी असेल, पण गाणाऱ्याला नाव काढायचं तर मुंबईच गाठावी लागे. गोव्याने माणसं दिली आणि ती बाहेरच्यांनी मोठी केली, हे आम्ही अभिमानाने सांगतो. त्यात अभिमान वाटण्यासारखं नेमकं काय, ते मला अजून उमगलेलं नाही.

आता नावं मात्र परत आली आहेत. कला अकादमीच्या मुख्य सभागृहाला नाव दीनानाथांचं, समारोह केसरबाईंच्या नावाचा. चार्ल्स कुरैया यांनी ही इमारत अशी बैठी बांधली की रस्त्यावरून आत शिरलं तर नकळत आपण आरपार नदीपाशी येऊन उभे राहतो. मला ती पणजीतली सगळ्यात शहाणी इमारत वाटते. समोर मांडवी, पलीकडे रेइश मागुशचा किल्ला, वरच्या अंगाला कसिनोच्या बोटींचा झगमगाट. त्या बोटींवर एका रात्रीत जेवढा पैसा हलत असेल तेवढ्यात गोव्यातल्या सगळ्या गावच्या पेटी-तबल्याच्या वर्गांची वर्षभराची सोय होईल. असो. हा हिशेब मावशीचा आहे आणि ती तो दर वेळी त्याच कठड्याला टेकून मांडते.

आत रंगमंचाच्या एका कडेला केसरबाईंचा फोटो, त्याला अबोलीचा हार, पुढे समई. दीपप्रज्वलनाची वेळ आली तेव्हा एसीच्या झोताने वात काही पेट घेईना. पाहुण्यांच्या हातातली मेणबत्ती दोनदा विझली. शेवटी एका स्वयंसेवक मुलाने फाईल आडवी धरली आणि केसरबाईंना दिवा मिळाला. फोटोतल्या बाईंची नजर अशी की, हे काय चाललंय, असं त्या कुठल्याही क्षणी विचारतील. त्यांच्या कडकपणाच्या गोष्टी एवढ्या ऐकल्या आहेत की फोटोसमोरसुद्धा माणूस जरा सावरून बसतो.

गोष्टीच ऐकल्या आहेत. पंचाईत इथेच आहे. बाईंनी एकोणीसशे साठच्या दशकातच जाहीर मैफली थांबवल्या. ज्याने त्यांना अठराव्या वर्षी समोर बसून ऐकलं असेल तोही आज ऐंशीला पोचलेला. शिकवलं म्हणावं तर एकट्या धोंडूताई कुलकर्ण्यांना, आणि २०१४ साली त्याही गेल्या. ध्वनिमुद्रणाला बाई फारशा राजी नसत. हाती उरल्या त्या मुख्यतः तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या. म्हणजे आम्ही शेकडो माणसं तिथे ज्यांच्या स्मृतीसाठी जमलो होतो, त्यांची स्मृती असलेलं माणूस सभागृहात बहुधा कोणीच नव्हतं. आठवणींच्या आठवणी तेवढ्या होत्या. माझ्या मागच्या रांगेत एक गृहस्थ शेजाऱ्याला सांगत होते, "बाईंचा आ-कार म्हणजे काय! षड्ज लागला की झुंबरं हलायची." त्यांचं वय बघता ही झुंबरं त्यांच्या वडिलांच्या काळातली असावीत. मावशीने मान न वळवता मला कोपराने ढोसलं.

पण मला ते गृहस्थ आवडले. ऐकीव आठवणसुद्धा एवढ्या जोमाने सांभाळणारं कोणी तरी लागतंच. आणि समारोहात नेमकं काय होतं? ज्यांचं नाव त्यांचं गाणं तिथे नसतं. दुसरंच कोणी तरी येऊन स्वतःचं गाणं गातं. त्या रात्री एक तरुण गायिका बसली. दोघी विद्यार्थिनी मागे तानपुरे घेऊन. एकीच्या पंचमाच्या तारेचं काही तरी बिनसलं होतं. गायिकेने माईकवर हात ठेवला, मागे वळली, घोडीवर तारेखालचा दोरा नखाने किंचित सरकवला, कान लावला, पुन्हा एक केसभर मागे घेतला. जवारी, म्हणजे तारेची गुंजन, मोकळी झाली. सभागृहात तेवढा वेळ कोणी खाकरलंही नाही. मग तिने नट कामोद धरला. केसरबाईंच्या तबकड्यांत तो राग आहे, पण तिने त्यांची नक्कल करायचा मोह टाळला. नट आणि कामोद एकमेकांच्या अंगणात ये-जा करत होते. कुठे एकाचं घर संपलं आणि दुसऱ्याचं लागलं ते कळेपर्यंत ती समेवर. जयपूर-अत्रौली गायकीचं हेच मला भावतं: तान घेतली तरी ती तान तिहाईत वाटत नाही, रागाच्याच पोटातून येते. मागच्या गृहस्थांनी "क्या बात है" म्हटलं, आणि या वेळी त्यांनी ते स्वतः ऐकलेलं होतं.

मध्यंतरात चहाच्या रांगेत विषय अर्थात गाण्याचा नव्हता. इसवण, म्हणजे सुरमई, काय भावाने मिळालं, कोणाची मुलगी पुण्याला गेली, म्हादईच्या पाण्याचं काय होणार. मी मावशीला अवकाशातल्या तबकडीबद्दल सांगत होते. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर पृथ्वीवरचं निवडक संगीत आहे आणि त्यात केसरबाईंची भैरवी, 'जात कहाँ हो'. त्यांतलं व्हॉयेजर-१ हे ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या. यान आज २,४०० कोटी किलोमीटरच्याही पलीकडे आहे आणि अजून लांब चाललंय. मावशीने बशीतला चहा संपवला आणि विचारलं, "तिथे कोण आहे ऐकायला?" मी म्हटलं, अजून तरी कोणी सापडलेलं नाही. "मग इथे बरं आहे," ती म्हणाली. "निदान खुर्च्या तरी भरतात."

रात्री बाराच्या पुढे आम्ही चालत घरी. पणजी रात्री आपली वाटते, दिवसा ती पार्किंग शोधणाऱ्यांची असते. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्याने जाग आली. साखळीतही पोदेर येतो, पण दुसऱ्याच्या घरी अंथरुणात पडून तो भोंपू ऐकण्यात जे सुख आहे ते आपल्या घरी नाही, तिथे उठून दार आपल्यालाच उघडायचं असतं. मावशीने त्याच्याकडून पोळ्या, म्हणजे गोव्याचे पाव, घेतले, रात्रीच्या तोणकाला, म्हणजे रस्सा उसळीला, उकळी आणली, आणि आणलेल्या तांबड्या भाजीची एक जुडी शेजारणीकडे पोचती करून माझ्या येण्याची वर्दीही दिली.

सकाळच्या सत्राला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. मला ते आवडतं. रात्री येणाऱ्यांत बघायला आणि बघितले जायला येणारे बरेच. सकाळी येतात ते तोडी ऐकायला. एक आजोबा चक्क पिशवीत कोथिंबीर घेऊन बसले होते, बाजारातून थेट. पेटीवाल्याने सूर दिला आणि कोथिंबिरीच्या वासात कोमल ऋषभ लागला. या दोन गोष्टी आता माझ्या डोक्यात कायमच्या एकत्र बांधल्या गेल्या आहेत. पुढे कधी तोडी ऐकताना मला कढीची आठवण आली तर दोष त्या आजोबांचा.

दुपारी मावशी मला बसवर सोडायला आली. गाडी भरेपर्यंत सुटणार नव्हती, म्हणून खिडकीशी उभी राहून तिने पुढच्या वर्षीचा बेत पक्का केला. शनिवारची रात्र ती सोडणार, फक्त रविवारची सकाळ करणार. मी कारण विचारलं. तिने आयुष्यभर गोव्यात जिथे तिथे ऐकलेली संमेलनं, सप्ताह आणि पुण्यतिथ्या मनातल्या मनात तपासल्या असाव्यात.

"सकाळी भाषणं नसतात," ती म्हणाली. "पुढारी एवढ्या लवकर उठत नाहीत."